लहान देशाने समुद्रात गप्प बसावं की आवाज करावा? – फिलिपिन्सची दोन उलट उत्तरं

गलबत

मंडळी, आंतरराष्ट्रीय राजकारणावर इथे धागे निघतात ते बहुतेक अमेरिका, चीन, रशिया यांच्या नजरेतून. मला यातल्या दोन धेंडांच्या मधोमध सापडलेल्या एका देशाबद्दल बोलायचंय: फिलिपिन्स.

थोडी पार्श्वभूमी. फिलिपिन्सच्या लुझोन बेटाच्या पश्चिमेला, दक्षिण चीन समुद्रात सुमारे 120 सागरी मैलांवर स्कारबरो नावाचं प्रवाळ आहे. एप्रिल 2012 मध्ये तिथे फिलिपिन्सच्या नौदलाला चिनी मच्छीमार बोटी सापडल्या, आत महाकाय शिंपले आणि पोवळी भरलेली. अटक करायच्या आत चिनी सरकारी जहाजं आडवी आली. दोनेक महिने दोन्ही बाजू तिथेच ठाण मांडून होत्या. शेवटी अमेरिकेच्या मध्यस्थीने दोघांनी माघार घ्यायचं ठरलं, निदान मनिलाची, म्हणजे फिलिपिन्स सरकारची, तशी समजूत झाली. फिलिपिन्सची जहाजं परतली, चीनची राहिली. तेव्हापासून ती जागा चीनच्या ताब्यात आहे.

जानेवारी 2013 मध्ये मनिलाने आंतरराष्ट्रीय लवादाकडे धाव घेतली. 12 जुलै 2016 ला हेगहून निकाल आला: चीनच्या नकाशात जवळजवळ सगळा दक्षिण चीन समुद्र वेढणाऱ्या नऊ तुटक रेघा आहेत, त्यांच्या आतल्या पाण्यावर ऐतिहासिक हक्क सांगायला कायद्यात आधार नाही. चीनने निकाल मानला नाही.

पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एकाच देशाने लागोपाठ दोन उलट रस्ते धरले. 2016 ते 2022 राष्ट्राध्यक्ष रोड्रिगो डुटेर्ते: निकाल बासनात, बीजिंगला जाऊन अमेरिकेशी फारकतीची घोषणा, बदल्यात 24 अब्ज डॉलरच्या कर्जाचे आणि गुंतवणुकीचे वायदे. जून 2022 पासून मार्कोस ज्युनियर: अमेरिकेला आणखी चार तळ खुले, जपानशी लष्करी करार, आणि समुद्रात काहीही घडलं की लगेच तटरक्षक दलाचा व्हिडिओ जगासमोर.

माझं मत असं की दोघांनाही स्कारबरो परत मिळालं नाही, पण गप्प बसणं जास्त महाग पडलं. गप्प असताना जे हातचं जातं त्याची जगात कुठे नोंदही होत नाही. तुमचं मत काय? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

टिवल्याबावल्या

जागा धरून ठेवतो. निरीक्षक आणि वकीलताई आले की धागा शंभरी गाठणार, तोवर चहा टाकतो.

निरीक्षक_पुणे

गलबत, धागा उत्तम, मत अजिबात पटलं नाही.

अंमलबजावणी करणारं कोणी नसेल तर निकाल म्हणजे पोलीसपाटील नसलेल्या गावातला हुकूमनामा. निकालानंतर चीन एका तरी खडकावरून उठला का? उलट मिसचीफ प्रवाळावर धावपट्टी आहे, आणि ते प्रवाळ फिलिपिन्सच्या विशेष आर्थिक क्षेत्रात (जिथली मासळी, तेल, वायू त्या देशाच्या हक्काचे) आहे असं याच लवादाने म्हटलंय.

आणि ज्यांच्या जिवावर हा आवाज चाललाय त्या अमेरिकेचं काय? समुद्री कायद्याच्या ज्या करारावर खटला चालला त्या कराराची अमेरिका स्वतः सदस्य नाही. 1986 मध्ये निकाराग्वाच्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने अमेरिकेविरुद्ध निकाल दिला, तेव्हा अमेरिकेनेही तो धुडकावला होता. मोठे देश असेच वागतात, हे गृहीत धरून लहान देशाने चाल ठरवावी.

मलेशिया बघा. त्यांच्या किनाऱ्यासमोरच्या लुकोनिया प्रवाळांच्या पट्ट्यात चिनी तटरक्षक जहाजं वर्षानुवर्षं घिरट्या घालतात. क्वालालंपूर निषेधाचा खलिता पाठवतं, पत्रकार परिषदा घेत बसत नाही. पेट्रोनास या त्यांच्या सरकारी तेल कंपनीचं गॅस काढणं सुरू आहे. मलेशिया गॅस विकतोय आणि फिलिपिन्स व्हिडिओ काढतोय. माझ्या हिशेबी गॅसवाला पुढे.

वकील_साताऱ्याची

निरीक्षकराव, मलेशियाचा मुद्दा बाजूला ठेवते. आधी निकालाबद्दल, कारण त्यात काय आहे हे न वाचताच दोन्ही बाजूंनी बोललं जातं.

चीनने 2006 मध्येच जाहीर करून ठेवलं होतं की सागरी हद्दीच्या आखणीचे वाद आम्ही सक्तीच्या लवादाकडे नेऊ देणार नाही. आणि बेट कोणाच्या मालकीचं हा प्रश्न तर या कराराच्या कक्षेतच येत नाही. म्हणजे दोन मोठे दरवाजे बंद. फिलिपिन्सच्या वकिलांनी मग मालकी विचारलीच नाही. त्यांनी विचारलं, की मालक कोणीही असो, हे जे पाण्यातून वर आलेलं आहे ते कायद्याने बेट आहे, खडक आहे, की फक्त ओहोटीला दिसणारा उंचवटा? बेटाला भोवती 200 सागरी मैलांचं आर्थिक क्षेत्र मिळतं, खडकाला फक्त 12, ओहोटीच्या उंचवट्याला स्वतःचं काहीच नाही. लवादाने सांगितलं की स्प्रॅटली या दक्षिण चीन समुद्रातल्या वादग्रस्त बेटं-प्रवाळांच्या समूहात एकही पूर्ण हक्काचं बेट नाही, तैवानच्या ताब्यातलं सगळ्यात मोठं इतू आबासुद्धा खडकच. हे ठरताच पालावान या फिलिपिन्सच्या पश्चिमेकडच्या बेटासमोरचं पाणी कोणाचं याचं उत्तर आपोआप मिळालं. मालकीचा शब्दही न काढता! कायद्याचं काम इतकं नेटकं केलेलं फार क्वचित वाचायला मिळतं.

आता तुम्ही काढलेला निकाराग्वा. तो खटला लढवणाऱ्या वकिलांमध्ये पॉल राइकलर होते. फिलिपिन्सच्या खटल्यात तेच मुख्य वकील होते. आणि मधल्या काळात त्यांनी आणखी एक खटला लढवला: बांगलादेश विरुद्ध भारत. बंगालच्या उपसागरातल्या 25,602 चौरस किलोमीटर वादग्रस्त पाण्यापैकी 19,467 बांगलादेशला गेलं. जुलै 2014 ची गोष्ट. त्या लवादातले तीन जण – मेन्सा, वोल्फ्रम आणि कोत – पुढे फिलिपिन्सच्या लवादातही होते. भारताने निकाल मान्य केला. तेव्हा 'मोठे देश असेच वागतात' हे वाक्य सरसकट नको. एक मोठा देश लहान शेजाऱ्यासमोर हरला आणि त्याने हार मानली, याचा मला भारतीय म्हणून अभिमान आहे.

चिंतातुर

वकीलताई, दंडवत. वाचनखूण साठवली.

निरीक्षक_पुणे

ताई, माहिती नवीन होती, आभार. पण भारताने मान्य केलं कारण भारताला ढाक्याशी संबंध सुधारायचे होते. चीनला मनिलाकडून तसं काय हवंय?

मरीन_काका

मी मर्चंट नेव्हीत इंजिनरूममध्ये होतो, आता निवृत्त. माझ्या बहुतेक जहाजांवर निम्मे खलाशी फिलिपिनो असायचे, उरलेल्यांत आपले रत्नागिरी-रायगडचे. त्यामुळे या देशाबद्दल जिव्हाळा आहे.

एका जहाजावर बोसन (खलाशांचा मुकादम) झांबालेसचा होता, म्हणजे स्कारबरोच्या बरोब्बर समोरच्या किनाऱ्याचा. त्याचे भाऊ, मेहुणे सगळे मासेमारीत. त्यांच्या होड्यांना दोन्ही बाजूंना बांबूचे आडवे पंख असतात, मधला खण बर्फाने भरायचा आणि निघायचं. स्कारबरोचं महत्त्व तो असं सांगायचा: मासळी तर आहेच, पण भोवती प्रवाळाची कड असल्याने आतलं पाणी शांत. वादळ उठलं की किनारा गाठायची गरज नाही, तिथे आत शिरून नांगर टाकायचा. चिनी, व्हिएतनामी, फिलिपिनो, सगळे एकाच वेळी आत आसऱ्याला. सिगारेटी वाटून ओढायचे म्हणे. 2012 नंतर आत शिरायचं तोंडच बंद झालं.

तो पुढे जे म्हणायचा ते गलबत यांना आवडणार नाही. डुटेर्ते ऑक्टोबर 2016 मध्ये बीजिंगला जाऊन आले आणि लगेच त्याच्या भावांना प्रवाळाच्या बाहेरच्या बाजूला जाळी टाकता येऊ लागली. आत नाही, पण बाहेर तरी. कोर्टाचा निकाल जुलैचा, त्याने काही झालं नव्हतं. राष्ट्राध्यक्ष जाऊन हात मिळवून आला आणि चूल पेटली. त्याच्या घरात सगळी मतं डुटेर्तेंना.

मालवणी_तांडेल

काका, एकदम मनातलं लिहिलंत. दिल्ली-मनिला-बीजिंगवाले रेघा मारतात, पण पाण्यात रेघ दिसत नाही. आमच्याकडे राज्याची हद्द 12 मैल. परराज्यातले हायस्पीड ट्रॉलर रात्री आत येतात, सगळं खरवडून नेतात, जाळी तोडून जातात. तक्रार केली की गस्ती बोट येते तेव्हा समुद्र मोकळा. आणि पालघरकडच्या बोटी तिकडे गुजरातच्या वर जातात त्यांचं तर विचारू नका. नोव्हेंबर 2021 मध्ये पाकिस्तानी एजन्सीच्या गोळीबारात आपल्या पालघरचा एक खलाशी गेला. पोटासाठी गेलेला माणूस.

म्हणून माझा प्रश्न साधा: मार्कोसच्या काळात झांबालेसच्या तांडेलाला जास्त मासळी मिळते की कमी? त्यावर ठरवा कोण बरोबर.

गलबत

तांडेलभाऊ, काका, हाच मुद्दा सगळ्यात अवघड आहे आणि तो टाळून चालणार नाही.

2016 च्या शेवटी बाहेरच्या बाजूने मासेमारी सुरू झाली हे खरं. पण कशी? 2018 मध्ये फिलिपिन्सच्या वाहिनीने चित्रीकरण दाखवलं, चिनी तटरक्षक फिलिपिनो होडीवर चढून चांगली मासळी उचलून नेतायत. मच्छीमार सांगत होते, बदल्यात नूडल्स, सिगारेटी, पाणी मिळतं. आणि जून 2019. पालावानच्या पश्चिमेच्या रीड बँक या उथळ पट्ट्याजवळ रात्री नांगरलेल्या फिलिपिनो बोटीला चिनी जहाजाने धडक दिली. 22 माणसं पाण्यात, जहाज निघून गेलं. त्यांना वाचवलं व्हिएतनामी मच्छीमारांनी. स्वतःच्या राष्ट्राध्यक्षांनी ती किरकोळ सागरी घटना ठरवली.

मला हे वाचून तेव्हाही संताप आला होता, आजही येतो. त्या 22 जणांना त्यांचं स्वतःचं सरकार पाठीशी हवं होतं. लवादाने स्कारबरोत पारंपरिक मासेमारीचा हक्क मान्य केलाय, फिलिपिनोंचा आणि चिनी मच्छीमारांचाही. तो हक्क हातात असताना कोणाच्या मर्जीवर जाळं टाकायचं, आणि मर्जी फिरली की परत यायचं?

तांडेलभाऊंच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: आज मासळी जास्त मिळत नाही. सप्टेंबर 2023 मध्ये चीनने स्कारबरोच्या तोंडाशी सुमारे 300 मीटरचा तरंगता अडथळा बांधला. फिलिपिन्सच्या तटरक्षकाचा पाणबुड्या खाली गेला आणि त्याने सुरीने दोर कापला. बातमी जगभर गेली, मच्छीमारांना इंधन वाटायला सरकारी बोटी येऊ लागल्या. पण आत जायला अजून मिळत नाही.

निरीक्षक_पुणे

म्हणजे शेवटी माझंच म्हणणं. आवाजाने व्हिडिओ मिळाला, मासळी नाही.

रानजाई

मी राजकारणातली तज्ज्ञ नाही, पण मुलगी दवाओला एमबीबीएसला आहे म्हणून लिहिते. तिच्या कॉलेजात आपल्याकडची बरीच मुलं आहेत, मराठीही पुष्कळ. दवाओ हे दक्षिणेकडच्या मिंदानाव बेटावरचं शहर, डुटेर्तेंचं गाव. तिथे आजही त्यांच्याविरुद्ध बोललेलं खपत नाही. मार्च 2025 मध्ये त्यांना अटक करून हेगला नेलं तेव्हा मुलीच्या घरमालकीणबाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. वकीलताई, हे समुद्रवालं कोर्ट आणि ते कोर्ट एकच का?

त्या बाईंची केळीची बाग आहे. 2012 च्या भांडणात चीनने फिलिपिन्सच्या केळ्यांची तपासणी एकदम कडक केली आणि कंटेनरच्या कंटेनर चिनी बंदरात सडले, हे त्या आजही सांगतात. स्कारबरो त्यांच्यापासून कुठच्या कुठे, लुझोनच्या पलीकडे. केळी मात्र मिंदानावची. 'मनिलावाले भांडतात, भरपाई आम्ही करतो' असं त्यांचं म्हणणं. देश एकच असला तरी प्रत्येक भागाला झळ वेगळी बसते, एवढंच मला त्यातून कळलं.

वकील_साताऱ्याची

रानजाई, नाही, वेगळी. डुटेर्तेंवरचा खटला आंतरराष्ट्रीय गुन्हेगारी न्यायालयात, अंमली पदार्थांविरोधी मोहिमेतल्या हत्यांबद्दल. समुद्राचा निकाल तात्पुरत्या नेमलेल्या पाच जणांच्या लवादाचा, त्याचं कामकाज सांभाळलं हेगच्या स्थायी लवाद न्यायालयाने. गाव एक, संस्था निरनिराळ्या.

केळ्यांचा मुद्दा फार मोलाचा आहे. जास्त गिऱ्हाइकं असती तर ही नस दाबता आली नसती. समुद्राचं धोरण बाजारपेठेपासून सुरू होतं.

टिवल्याबावल्या

चहा तिसरा. पाकीट संपलं. रानजाई, केळ्यांचा प्रतिसाद एक नंबर.

हो_ची_मिन्हकर

उशिरा आलो. औषध कंपनीच्या कामामुळे बरीच वर्षं व्हिएतनाममध्ये आहे. निरीक्षकांनी मलेशिया आणला, मी व्हिएतनाम आणतो, कारण गप्प की आवाज या दोन्ही खणांत तो बसत नाही.

या देशाने समुद्रात रक्त सांडलंय. जानेवारी 1974 मध्ये व्हिएतनामच्या पूर्वेकडची पॅरासेल बेटं चीनकडे गेली, तेव्हाच्या दक्षिण व्हिएतनामच्या हातून. 14 मार्च 1988 ला स्प्रॅटलीतल्या जॉन्सन साउथ प्रवाळावर चीनशी झालेल्या चकमकीत 64 व्हिएतनामी सैनिक मारले गेले. आजही त्या दिवशी लोक फुलं वाहतात. मे 2014 मध्ये चीनने पॅरासेलजवळ तेलविहिरीचा प्रचंड तराफा आणून उभा केला, व्हिएतनामने आपली जहाजं त्याच्याभोवती पाठवली, धडका झाल्या, देशात ठिकठिकाणी दंगली पेटल्या. जुलैमध्ये चीनने तराफा काढला.

आणि तरीही सप्टेंबर 2023 मध्ये हनोईत बायडेन, डिसेंबरात शी जिनपिंग, जून 2024 मध्ये पुतीन. तिघांनाही भेटणारा नेता एकच, कम्युनिस्ट पक्षाचे तेव्हाचे सरचिटणीस न्गुयेन फू ट्राँग. कोणाशी लष्करी युती नाही, परकी तळ नाहीत, हे संरक्षण धोरणात लिहूनच ठेवलंय. दुसऱ्या हाताने 2021 पासून स्प्रॅटलीत जोरात भराव चाललेत. वाळू टाकतात आणि बोलत नाहीत. चीनही त्यावर फारसा बोलत नाही, मनिलावर जितका तुटून पडतो तितका तर नाहीच.

अवांतर: आपली ओएनजीसी विदेश इथे 1988 पासून आहे. तिला तेल-वायू शोधायला मिळालेला 128 क्रमांकाचा ब्लॉक चीनच्या तुटक रेघांच्या आत येतो, म्हणून बीजिंगने हरकत घेतली होती. तेव्हा हा वाद आपल्यापासून फार लांब नाही.

निरीक्षक_पुणे

बघा, मी हेच म्हणतोय. काम करा, बोलू नका.

हो_ची_मिन्हकर

निरीक्षकसाहेब, व्हिएतनाम गप्प राहू शकतो कारण तिथे सरकारला विचारणारं कोणी नाही. मच्छीमाराला मारहाण झाली तर ती छापायची की नाही हे सरकार ठरवतं. मनिलात सिनेट आहे, वाहिन्या आहेत. तिथे गप्प बसणं म्हणजे स्वतःच्याच लोकांपासून लपवणं. हा फरक विसरू नका.

मरीन_काका

आता मीच माझ्या बोसनच्या विरुद्ध लिहितो, कारण दुसरी बाजूही पाहिलीय.

सेकंड थॉमस प्रवाळ, फिलिपिनो त्याला आयुंगिन म्हणतात. पालावानपासून सुमारे 105 सागरी मैल. 1995 मध्ये शेजारचं मिसचीफ चीनने घेतलं. आधी मच्छीमारांसाठी निवारा म्हणून झोपड्या उभारल्या, मग काँक्रीट. ही वेळ कशी साधली बघा: 1991 मध्ये फिलिपिन्सच्या सिनेटने 12 विरुद्ध 11 मतांनी अमेरिकी तळांचा करार फेटाळला, 1992 च्या शेवटी सुबिक बंदरातला अमेरिकी नौदलतळ रिकामा झाला, आणि तीन वर्षांच्या आत मिसचीफ गेलं. 1999 मध्ये मनिलाने उत्तर म्हणून आयुंगिनवर सिएरा माद्रे हे जहाज मुद्दाम चढवून रुतवलं. 1944 चं अमेरिकी लँडिंग शिप (रणगाडे किनाऱ्यावर उतरवणारं जहाज), शंभर मीटर लांब. आतापर्यंत पत्रा इतका सडलाय की फोटोत बाजूच्या भोकांतून आरपार दिसतं. मी आयुष्यभर गंजाशी भांडलो, त्यामुळे सांगतो: उष्ण खाऱ्या पाण्यात 25 वर्षं रुतलेला सांगाडा उभा ठेवायला आतून सतत ठोकाठोक, वेल्डिंग, काँक्रीट लागतं, आणि तसं काम केल्याच्या बातम्या आहेतही. त्यात मूठभर मरीन राहतात. कागदोपत्री ते अजून नौदलाचं सेवेतलं जहाज आहे. त्याच्यावर हल्ला म्हणजे अमेरिका आणि फिलिपिन्सच्या 1951 च्या परस्पर संरक्षण कराराला हात घालणं.

चीनने रसद तोडायचा किती प्रयत्न केला! लेझर मारला, पाण्याचे फवारे मारले. 17 जून 2024 ला तर कुऱ्हाडी घेऊन रबरी बोटींवर आले, एका नौसैनिकाचा अंगठा गेला. पण तो सगळा प्रकार जगाने पाहिला. महिनाभरात, जुलैमध्ये, दोन्ही देशांत रसदीबद्दल तात्पुरती समजूत झाली आणि तेव्हापासून धान्य-पाणी पोचतंय. आयुंगिन आजही फिलिपिन्सकडे आहे.

एकदा मनिलाहून दा नांगला जाताना रात्री जहाजाच्या रेडिओवर, सगळ्यांना ऐकू येणाऱ्या चॅनल 16 वर, दोन्ही देशांची तटरक्षक जहाजं एकमेकांना इशारे वाचून दाखवत होती. तीच तीच वाक्यं, आळीपाळीने, पहाटेपर्यंत. आमचा फिलिपिनो सेकंड मेट म्हणाला, आमचा पोरगा थकून गप्प झाला तर ते म्हणतील इथे कोणी नव्हतंच.

गलबत

काका, शेवटचं वाक्य म्हणजे मला जे म्हणायचं होतं ते.

आयुंगिन आणि स्कारबरो शेजारी ठेवून बघा. एकीकडून 2012 मध्ये जहाजं काढून घेतली, ती जागा गेली. दुसरीकडे सडका सांगाडा आहे, त्यात माणसं आहेत, ती जागा आहे. निकाल, व्हिडिओ, मित्रदेश या सगळ्याची किंमत तिथे तुमचा माणूस उभा असेल तरच. आणि तो माणूस तिथे टिकावा म्हणून आवाज लागतो. मे 2024 मध्ये मार्कोस सिंगापूरला जाहीरपणे म्हणाले की हेतुपुरस्सर कृतीत फिलिपिनो नागरिक मेला तर ते युद्धाच्या कृतीच्या अगदी जवळ असेल. पुढच्या महिन्यात कुऱ्हाडी निघाल्या तरी कोणी मेलं नाही, आणि मग बोलणी झाली. गप्प बसलेल्या सरकारशी चीनने ही समजूत केली असती असं मला वाटत नाही.

देशभक्त_१९४७

एवढं कशाला? ब्रह्मोस दिलंय ना आपण! एकदा सोडा, विषय संपला.

वकील_साताऱ्याची

देशभक्तदादा, विषय तिथे सुरू होईल, संपणार नाही.

ब्रह्मोसबद्दल एक गोष्ट मात्र सगळ्यांनी ध्यानात घ्या. सुमारे 37.5 कोटी डॉलरचा करार जानेवारी 2022 चा, म्हणजे डुटेर्तेंच्याच काळातला. सप्टेंबर 2020 मध्ये याच डुटेर्तेंनी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत सांगितलं की निकालाबाबत तडजोड नाही. 2021 मध्ये स्प्रॅटलीतल्या विटसन प्रवाळापाशी दोनशेच्या वर चिनी बोटी येऊन उभ्या राहिल्या, आणि त्याच वर्षी अमेरिकी सैन्याच्या वास्तव्याचा करार रद्द करण्याची नोटीस त्यांनी मागे घेतली. गप्प बसण्याचा प्रयोग तो करणाऱ्यालाच अर्धवट सोडावा लागला. निरीक्षकराव, याचं उत्तर द्या.

पहिली खेप एप्रिल 2024 मध्ये पोचली. निर्यातीच्या क्षेपणास्त्राचा पल्ला 290 किलोमीटर, झांबालेस ते स्कारबरो 220 च्या आसपास. ते सोडायचं नसतंच, ते आहे एवढं समोरच्या कप्तानाला माहीत असलं की झालं. आणि जून 2023 मध्ये भारताने फिलिपिन्सबरोबरच्या संयुक्त निवेदनात 2016 चा निकाल पाळा असं स्पष्ट म्हटलं. बांगलादेशचा निकाल आपण पाळला होता म्हणून ते म्हणायला तोंड होतं.

निरीक्षक_पुणे

ताई, उत्तर देतो. डुटेर्तेंचा प्रयोग फसला, मान्य. वायद्यातले 24 अब्ज बहुतांश कागदावरच राहिले, हाही मुद्दा तुमच्या बाजूने. पण मार्कोसांचा प्रयोग एकाच खांबावर उभा आहे, आणि तो खांब वॉशिंग्टनमध्ये आहे. तिथे दर चार वर्षांनी वारं बदलतं.

गलबत

तो खांब एकच राहू नये याची धडपड दिसते. तटरक्षकाची 97 मीटरची दोन सगळ्यात मोठी जहाजं जपानी कर्जातून आली. जपानशी परस्परांच्या देशात सैन्य नेण्याचा करार जुलै 2024 मध्ये झाला, 2025 च्या सप्टेंबरपासून लागू आहे. ऑगस्ट 2025 मध्ये भारतीय नौदलाने त्यांच्याबरोबर पहिल्यांदा त्या पाण्यात संयुक्त संचार केला. अमेरिकेला पर्याय नाही हे खरं, पण 2012 मध्ये एकट्या अमेरिकेकडे बघत बसले होते त्यापेक्षा बरं.

काळजी मलाही आहे. 11 ऑगस्ट 2025 ला स्कारबरोजवळ फिलिपिन्सच्या छोट्या जहाजाचा पाठलाग करताना चीनची युद्धनौका आणि चीनचंच तटरक्षक जहाज एकमेकांवर आदळलं. पुढच्या महिन्यात चीनने तिथे निसर्ग राखीव क्षेत्र जाहीर केलं. ज्या प्रवाळातले शिंपले ओरबाडले गेले तेच आता राखीव, आणि राखणदार ते!

मालवणी_तांडेल

मग आता पुढे काय? कोणीतरी बसून नियम करणार की नाही?

वकील_साताऱ्याची

तांडेलदादा, आसियान (आग्नेय आशियाई देशांची संघटना) आणि चीन यांच्यात या समुद्रातल्या आचारसंहितेची बोलणी चालू आहेत, ती करायचं दोघांच्या 2002 च्या जाहीरनाम्यातच ठरलं होतं. 2026 मध्ये आसियानचं अध्यक्षपद फिलिपिन्सकडे आहे, त्यामुळे मनिलाला ती संधी वाटते. मसुदा आला तर तीन गोष्टी तपासा. ती बंधनकारक आहे का. स्कारबरो आणि पॅरासेल तिच्या कक्षेत आहेत का. आणि बाहेरच्या देशांबरोबर लष्करी सराव करायला सगळ्यांची संमती लागेल, ही चीनची जुनी मागणी आत शिरली का. तिसरी गोष्ट शिरली तर जपानबरोबरचे सराव, भारताबरोबरचा संयुक्त संचार, सगळं चीनच्या संमतीवर लटकेल.

मालवणी_तांडेल

आणि वादळात आसरा? पाण्यात पडलेल्याला उचलणं?

वकील_साताऱ्याची

संकटातल्या माणसांना माणुसकीने वागवायचं, हे 2002 च्या जाहीरनाम्यात लिहिलेलंच आहे, चीनची सही आहे. पण तो बंधनकारक नाही. म्हणून 2019 मध्ये ते 22 जण पाण्यात असताना जहाज निघून गेलं तरी त्या जाहीरनाम्याखाली कोणाला जाब विचारता आला नाही. मी मनिलाच्या जागी असते तर बंधनकारक करायचं पहिलं कलम हेच धरलं असतं.